तीन रिपोर्ट, तीन तारखा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ आहे: दिवस नेमके कुठून मोजायचे, आणि मोजणी चुकली तर बाळाचं काय होतं. म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नाला दिलं आहे.

प्रश्न : माझी शेवटची पाळी १० जूनला आली. त्यावरून डॉक्टरांनी १७ मार्च ही तारीख दिली. १२ ऑगस्टच्या सोनोग्राफीत २६ मार्च आली, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत २१ मार्च, आणि आताच्या, आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर ५ एप्रिल. पाळी मला ३५-३६ दिवसांनी येते. यातली खरी तारीख कोणती?

उत्तर : २६ मार्च. बाकीच्या तिन्ही विसरा.

१७ मार्च आली ती नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिशेबाने. पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचं, म्हणजे २८० दिवस, ४० आठवडे. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. तुमची पाळी ३५ दिवसांची आहे. पाळीचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ, बहुतेकींचा दोन आठवड्यांच्या आसपासच असतो. लांबतो तो आधीचा भाग. त्यामुळे तुमचं बीज चौदाव्या नव्हे, एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी सुटलं असणार आणि १७ मार्चची तारीख तिथेच आठवडाभर अलीकडे आली.

१२ ऑगस्टला पाळीच्या हिशेबाने ९ आठवडे पूर्ण झाले होते. त्या दिवशी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे रिपोर्टवर 'सीआरएल' लिहिलेला आकडा, १४ मिमीच्या आसपास असणार. ती लांबी ७ आठवडे ५ दिवसांची. फरक ९ दिवसांचा. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मर्यादा बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्या अशा: पाळीवरून ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत असताना फरक ५ दिवसांहून जास्त असेल तर तारीख बदलायची, ९ ते १६ आठवडे पुरे होईपर्यंत ७ दिवसांहून जास्त असेल तर, १६ ते २१ आठवडे ६ दिवस असताना १० दिवसांहून जास्त, २२ ते २७ आठवडे ६ दिवस असताना १४ हून जास्त, आणि २८ च्या पुढे २१ दिवसांहून जास्त असेल तरच. फरक या मर्यादेच्या आत असेल तर पाळीची तारीख कायम. तुमचा फरक ९, मर्यादा ७, म्हणून तारीख बदलली आणि योग्यच बदलली.

मर्यादा पुढे पुढे सैल का होत जाते, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, दिवसाला मिलिमीटरभर. तेव्हा लांबी मोजणं म्हणजे वय मोजणंच. नंतर आईबापांची उंची, वारेचं काम, आईचं पोषण, साखर, रक्तदाब हे सगळं मधे येतं. आठव्या महिन्यात मशीन जे मोजतं ते बाळाचा आकार. त्या आकाराचं सरासरी बाळ किती आठवड्यांचं असतं ते शोधून मशीन तेवढ्यावर नवी तारीख छापतं. ती तारीख छापायची सोयच काढून टाकली असती तर निम्मी पत्रं आली नसती.

म्हणून ५ एप्रिलचा अर्थ 'बाळंतपण पुढे गेलं' असा घेऊ नका. त्याचा अर्थ असा की २६ मार्चच्या हिशेबाने बाळाची मापं सरासरीपेक्षा दहा दिवसांनी मागे आहेत. बहुतेक वेळा ही साधी लहान चणीची बाळं असतात. पण डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बाळाच्या पोटाचा घेर कितव्या पर्सेंटाइलवर आहे (म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांत लहानाकडून कितवा), गर्भजल किती आहे, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा माप घ्यायचं का. घेर किंवा अंदाजे वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली असेल तर नाळेचा डॉप्लर, म्हणजे नाळेतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी करतात. तारीख पुढे ढकलली तर हाच इशारा पुसला जातो.

प्रश्न : पहिलं बाळ अंगावर पीत होतं, पाळी आलीच नव्हती. पोट दिसायला लागल्यावर तपासणी केली तेव्हा सोनोग्राफीत १९ आठवडे निघाले. आता तारखेवर कितपत विसंबायचं?

उत्तर : बऱ्यापैकी. १९ आठवड्यांची सोनोग्राफी उशिराची म्हणत नाहीत. २२ आठवड्यांच्या आत एखादी तरी नीट केलेली सोनोग्राफी असेल तर गर्भारपणाचं वय 'ठरलेलं' मानतात. जागतिक आरोग्य संघटनेचीही २०१६ पासूनची शिफारस २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करावी अशी आहे. तुमची तारीख आठ-दहा दिवस इकडे-तिकडे होऊ शकते, एवढं मनात धरा आणि कार्डावरही तसं लिहून घ्या: तारीख अमुक, आधार १९ आठवड्यांची सोनोग्राफी. नुसती तारीख लिहिली की पुढचा डॉक्टर ती पाळीवरची समजतो.

अंगावर पाजताना पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून अशा वेळी दिवस जातात तेव्हा मोजायला पाळीच नसते. हेच गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवल्यावर होतं. गोळ्या नुकत्याच सोडल्या असतील तर पहिली एक-दोन चक्रं पुढेमागे होतात. पीसीओएस (बीज वेळेवर न सुटण्याचा बीजकोशांचा विकार) असलेल्या बाईची पाळी ४५ दिवसांची असेल तर पाळीवरचा हिशेब अडीच आठवड्यांनी पुढे धावतो. अशा सगळ्याजणींनी दिवस राहिल्याची शंका येताच सोनोग्राफी करावी, सातव्या आठवड्यानंतर आणि चौदा आठवडे पुरे व्हायच्या आत. त्याहून लवकर गेलात तर नुसती गर्भाभोवतीची पिशवी दिसते, आणि पिशवीच्या मापावर तारीख पक्की करू नये.

रिपोर्ट हातात आला की एक बघा. सीआरएल ८४ मिमीच्या वर असेल तर तो आकडा वयासाठी वापरत नाहीत. तिथून पुढे डोक्याचा घेर. मापच चुकल्याचे प्रकारही असतात: बाळाने मान छातीशी घेतली असताना माप घेतलं तर लांबी कमी भरते, मान मागे टाकली असेल तर जास्त, आणि शेजारची पीतक पिशवी (गर्भाला सुरुवातीला पोसणारी) मापात आली तर आणखी जास्त. म्हणून चांगला सोनोग्राफर तीन मापं घेऊन सरासरी धरतो.

प्रश्न : घरात म्हणतात नववा लागला, कार्डावर ३३ आठवडे. कोण चुकतंय?

उत्तर : कुणीच नाही. चार आठवड्यांचा महिना धरला तर ३२ आठवडे पूर्ण झाले की नववा लागतो. कॅलेंडरचा धरला तर जवळपास ३५ ला. दवाखान्यात महिने बोलूच नका. आठवडे बोला आणि तेही पूर्ण झालेले. 'सदतिसावा चालू' म्हणजे ३६ पूर्ण, अजून अपुऱ्या दिवसांचं. '३७ पूर्ण' म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या रेषेपलीकडे. या एका शब्दावरून फोनवर चुकीचे सल्ले दिले जातात.

प्रश्न : ठरलेल्या पाळीच्या आसपास दोन दिवस थोडं रक्त गेलं, तीच मी पाळी सांगितली. आता सोनोग्राफीत चार आठवडे जास्त येतात.

उत्तर : ती पाळी नव्हती. दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डाग पडणं बऱ्याचजणींना होतं. फरक बरोबर महिन्याभराचा असेल तर जवळजवळ नेहमी हेच कारण निघतं. सोनोग्राफीची तारीख धरा. पुढे कुणी पाळी विचारली तर आधीची, नेहमीसारखी पूर्ण आलेली पाळी सांगा. तारीख आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजे सांगितलेल्या तारखा १, १०, १५ अशा गोल आकड्यांवर पडतात, आणि कागदावर गेल्या की खऱ्या दिसू लागतात.

प्रश्न : टेस्ट ट्यूबने दिवस राहिले. यात पाळी कुठली धरायची?

उत्तर : धरायचीच नाही. पाच दिवसांचा भ्रूण सोडला असेल तर सोडल्याच्या तारखेत २६१ दिवस मिळवा, तीन दिवसांचा असेल तर २६३. इतकी पक्की तारीख दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सोनोग्राफीवरून ती बदलू देऊ नका.

प्रश्न : माझ्या बहिणीची पहिलीच तपासणी आठव्या-नवव्या महिन्यात झाली. पाळी आठवत नाही. सोनोग्राफीत ३१ आठवडे, पण पोट मोठं दिसतं आणि तिच्या हिशेबाने दिवस जास्त आहेत. बाळ बारीक आहे की दिवसच कमी आहेत?

उत्तर : एका सोनोग्राफीवरून हे सांगता येत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबा. ३१ आठवड्यांचं निरोगी बाळ आणि ३५ आठवड्यांचं सुकलेलं बाळ मापात सारखंच येऊ शकतं. पहिल्याला वाट पाहणं बरं, दुसऱ्याला तीच वाट धोक्याची.

हा पेच सोडवायचा वेग बघून. तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा मापं घ्या. शेवटच्या तीन महिन्यांत पोटाचा घेर दर आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन मापांमधली वाढ तेवढी भरली तर बाळ आपल्या चालीने चाललं आहे आणि बहुधा दिवसच कमी आहेत. घेर अडला आणि डोकं वाढत राहिलं तर वार कमी पडते आहे, मग तारीख काहीही असो. आठवड्याभरातच पुन्हा मोजू नका. मापातली चूकच तेवढ्या वाढीपेक्षा मोठी असते आणि उगाच धाबं दणाणतं.

सोनोग्राफरला आणखी दोन गोष्टी बघायला सांगता येतात. एक, लहान मेंदूची आडवी रुंदी. उपाशी बाळातही मेंदूचा हा भाग बराच जपला जातो, म्हणून तो वयाच्या जवळ राहतो. दुसरी, हाडांची टोकं, म्हणजे तिथे हाड बनायला लागल्याचे ठिपके. त्यांना केंद्रं म्हणतात. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं केंद्र साधारण ३२ आठवड्यांना दिसतं, नडगीचं वरचं ३५ ला, दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं ३८ च्या सुमारास. ही केंद्रं दिसली तर बाळ निदान तेवढं आहे. न दिसली म्हणजे नाहीच असं नाही. डोक्याच्या नुसत्या रुंदीवर जाऊ नये. पायाळू बाळाचं डोकं लांबट होतं आणि रुंदी कमी भरते, घेर तितका फसवत नाही.

जुन्या खुणाही विचारून घ्या, त्या फुकट आहेत. पहिली हालचाल कधी कळली? पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत कळते, आधी बाळंतपण झालेलीला १६ ते १८. आधी कुठे तपासणी झाली असेल आणि गर्भाशय बेंबीपर्यंत आल्याची नोंद असेल तर तेव्हा २० च्या आसपास होते. टेपने मोजलेली गर्भाशयाची उंची, लघवी करून आल्यावर, २० ते ३४ आठवड्यांत सेंटिमीटर आणि आठवडे दोनच्या फरकाने जुळतात. जुळी, गाठी, पाणी जास्त किंवा स्थूल शरीर असेल तर हे माप फसतं. तुम्ही लिहिलेलं 'पोट मोठं' यांपैकी कशानेही असू शकतं. साखर तपासलेली नसेल तर तपासा. साखर वाढलेल्या आईचं बाळ उलटी फसवणूक करतं: मापात मोठं, दिवसांनी लहान.

प्रश्न : तारीख नक्की नसली म्हणून बाळाला खरंच अपाय होतो का? की नुसती कागदोपत्री अडचण?

उत्तर : दोन्ही गोष्टी एकात गुंतल्या आहेत. ज्यांची पाळीची तारीख नोंदीत नाही किंवा शंकास्पद आहे, त्यांच्यात कमी वजनाची बाळं, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि जन्माच्या आसपासचे मृत्यू जास्त आढळतात. पण तारीख माहीत नसणं हे इथे बऱ्याच अंशी लक्षण आहे. उशिरा तपासणीला येणं, नको असताना दिवस राहणं, पाठोपाठची बाळंतपणं, कमी वय, गरिबी हे सगळं त्याच बायकांच्या वाट्याला जास्त येतं आणि बाळाला त्याचाच फटका बसतो.

त्यापलीकडे मात्र चुकलेली तारीख स्वतःही नुकसान करते, कारण निर्णय तिच्यावरून घेतले जातात. ३९ समजून सीझर केलं आणि बाळ ३६ चं निघालं: श्वास जोरात चालतो, साखर उतरते, कावीळ वाढते, चोखायला ताकद नसते, आणि आई वॉर्डात असताना बाळ काचेच्या पेटीत. ३९ समजून थांबलो आणि खरे ४२ होते: वार थकते, गर्भजल आटतं, बाळ पोटातच शी करतं, पोटात दगावण्याचा धोका चढतो. मधल्या तपासण्याही बिघडतात. रक्तातली चार घटकांची तपासणी १५ ते २० आठवड्यांत करतात. त्यातलं एएफपी (बाळाकडून आईच्या रक्तात येणारं प्रथिन) दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी वाढतं. खरं वय जास्त आणि कागदावर कमी असेल तर एएफपी जास्त दिसून मणक्याच्या दोषाची शंका येते. खरं वय कमी असेल तर एएफपी कमी आणि एचसीजी (वारेचं संप्रेरक) जास्त दिसून डाउन सिंड्रोमचा धोका दाखवला जातो. सुईने पाणी काढण्याआधी तारीख तपासून हिशेब पुन्हा करून घ्या, पुष्कळदा तिथेच प्रश्न संपतो.

आकडेवारीतही गंमत होते. केवळ पाळीवरून मोजलं की 'दिवस उलटलेल्या' बायका फुगतात, कारण बीज लवकर सुटण्यापेक्षा उशिरा सुटणं जास्त घडतं. सुरुवातीला सोनोग्राफी केलेल्या गटांत दिवस उलटले म्हणून कळा आणाव्या लागण्याचं प्रमाण कमी होतं. बायका त्याच, मोजपट्टी बदलली.

प्रश्न : मी प्रसूतिगृहात परिचारिका आहे. तारीख माहीत नसलेली बाई कळा देत येते. फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर रोज वाद होतो. बाळ झाल्यावर वय कसं ठरवायचं?

उत्तर : वाद होतो ते बरोबर आहे. हे इंजेक्शन अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून आईला देतात. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी चार वेळा, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम चोवीस तासांच्या अंतराने दोन वेळा. २४ ते ३४ आठवड्यांत, सात दिवसांत बाळंतपण होण्याची दाट शक्यता असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या अटींत हेही आहे की वय खात्रीने मोजता यावं, आईला जंतुसंसर्ग नसावा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नीट देखभाल करता यावी. ही अट उगाच नाही. सहा देशांतला एसीटी हा अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला. त्यात वय नीट ठाऊक नसलेल्या वस्त्यांत इंजेक्शनचा वापर वाढवला गेला. ज्यांना ते दिलं त्यांतल्या बहुतेकींची बाळं फार लहान नव्हतीच. सगळ्या बाळंतपणांचा मिळून हिशेब केला तर नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. पुढे २०२० मध्ये ॲक्शन या अभ्यासात पाच देशांतल्या रुग्णालयांत सोनोग्राफीने वय ठरवून तेच औषध दिलं आणि बाळं वाचली. म्हणून बाई स्थिर असेल तर आधी सोनोग्राफी, डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड. ३४ च्या बरंच पलीकडे दिसत असेल तर इंजेक्शन नको. निर्णय डॉक्टरांचा, पण मोजलेली उंची आणि जुनी कार्डं त्यांच्यापुढे तुम्हीच ठेवू शकता.

बाळ झाल्यावर न्यू बॅलर्ड मोजणी. सहा खुणा शरीराच्या: कातडी, लव, तळव्यांवरच्या रेघा, स्तनाची गाठ, डोळे-कान, जननेंद्रियं. सहा खुणा ताकदीच्या: पडण्याची ढब, मनगटाचा कोन, हात झटकन मागे येणं, गुडघ्यामागचा कोन, हात गळ्याभोवती किती जातो, टाच कानाकडे किती जाते. प्रत्येक खुणेला गुण द्यायचे. बेरीज २० आली तर ३२ आठवडे, ३० आली तर ३६, ४० आली तर ४०. दर पाच गुणांना दोन आठवडे. चूक दोन आठवड्यांपर्यंत धरा. २६ आठवड्यांहून लहान वाटणाऱ्या बाळाची मोजणी पहिल्या बारा तासांत उरका. गुदमरलेलं बाळ किंवा आईला मॅग्नेशियम दिलेलं असेल तर बाळ ढिलं पडतं आणि दुसऱ्या सहा खुणांचे गुण खोटे कमी येतात. तेव्हा शरीराच्या खुणांवर भर द्या. नोंदीत 'बॅलर्डवरून' असा शब्द लिहायला विसरू नका.

प्रश्न : माझी पहिलीच सोनोग्राफी २६ आठवड्यांना झाली. दिलेली तारीख उद्या आहे, कळा नाहीत. किती थांबायचं?

उत्तर : तारीख उशिरा ठरलेली असेल तर दोन बाजूंनी बंधनं येतात. सोयीसाठी, वैद्यकीय कारण नसताना कळा आणणं किंवा सीझर करणं नको, कारण बाळ खरोखर तेवढं भरलेलं असेल याची खात्री नाही. आणि ठरलेल्या तारखेपेक्षा फार पुढेही जायचं नाही, कारण खरे दिवस दोन आठवड्यांनी जास्त असू शकतात. म्हणून अशा बाईची देखरेख ३९-४० आठवड्यांनाच सुरू करतात: आठवड्यातून निदान एकदा बाळाच्या ठोक्यांची पट्टी आणि गर्भजलाचं माप. आणि हाताशी असलेल्या सगळ्यात चांगल्या अंदाजाने ४१ आठवडे झाले की बाळंतपण करतात. तुमच्या हिशेबाने ती रेषा आजपासून आठ दिवसांवर आहे. आधी सीझर झालेलं असेल आणि पुन्हा तेच करायचं ठरलं असेल तर त्याच अंदाजाने ३९ ला करतात. फुप्फुसं पिकलीत का बघायला पाणी काढण्याची गरज नाही.

तोवर बाळाची हालचाल रोज ठराविक वेळी, कुशीवर पडून बघा. नेहमीपेक्षा कमी झाली, पाणी गेलं, रक्त गेलं किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर आठ दिवस मोजत बसू नका, रात्र असली तरी निघा. आणि निघताना सगळ्यात जुना सोनोग्राफी रिपोर्ट पिशवीत वर ठेवा, ताजा नव्हे.